दाबून धरायची सवय

नवी गिटार घरी आली त्या आठवड्यात माझं वाजवणं बिघडलं. साधी ई मेजर कॉर्ड धरली तरी कुठेतरी खटकायचं. तारा नव्या, ट्यूनरवर सहाही तारांना हिरवा दिवा, आणि कॉर्ड धरली की तिसरी तार चढलेली. क्लासला येणाऱ्या पोरांच्याही ते कानावर आलं असणार, पण सरांना कोण सांगणार! जत्रा, गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या रात्रीचे कार्यक्रम, असं सगळं वाजवत मी संसार केला. त्या माणसाला आयुष्यातल्या सर्वांत महागड्या गिटारीवर पहिल्या धड्यातली कॉर्ड सुरात धरता येईना.

आधी वाटलं, फसलो. गिटार सेकंडहँड होती. बंगळुरूच्या एका आयटीतल्या तरुणाने हौसेने घेतलेली आणि कपाटात ठेवलेली. मी रात्री दिवाणखान्यात बसून एकेका फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, एकेक तार ट्यूनरला लावून तपासली. हलक्या हाताने दाबली की सूर जागच्या जागी. नेहमीसारखी दाबली की काटा उजवीकडे. दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. माझ्या बोटाखाली तार दहा-बारा सेंटनी चढत होती. एकटी तार वाजवली तर एवढा फरक चालून जातो, पण सहा तारा एकत्र वाजल्या की कानात खडा लागतो.

कारण कळायला वेळ लागला नाही, पटायला लागला. माझ्या जुन्या गिटारीचे फ्रेट घासून सपाट झालेले आणि तारा लाकडापासून चांगल्या उंच. तिच्यावर जोर केल्याशिवाय स्वर उमटतच नसे. या नव्या गिटारीचे फ्रेट उंच, गोलाई शाबूत. तार फ्रेटला टेकली की स्वर तयार. त्यानंतरही दाबत राहिलं की तार दोन फ्रेटमधल्या खोलगट जागेत वाकते, ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणजे गिटार बरोबर होती. माझा हात ज्या गिटारीसाठी घडला होता ती ही नव्हती, इतकंच.

गिटार कोणती ते सांगतो, कारण आमच्या धंद्यातला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो. पीआरएस कस्टम २४. पॉल रीड स्मिथ या अमेरिकन कारागिराने १९८५ साली मेरीलँडमध्ये कंपनी काढली, तेव्हापासून हे मॉडेल बनतंय. मागे महोगनी, वर मेपलचं कोरीव झाकण, चोवीस फ्रेट, दोन हंबकर पिकअप. नट ते ब्रिज, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, पंचवीस इंच. फेंडरची साडेपंचवीस असते, गिब्सनची पावणेपंचवीसच्या आसपास. या माणसाने मधला रस्ता काढला. ऐकायला अर्ध्या इंचाचं काय एवढं? पण वर्षानुवर्षं साडेपंचवीस इंचांवर धावलेल्या बोटांना बाराव्या फ्रेटवर पोचल्यावर जमीन पाव इंच सरकलेली असते. शिवाय मी जुन्या गिटारीवर अकराच्या जाड तारा लावत असे, बारीक तारा माझ्या हाताखाली तुटायच्या. इथे दहाच्या तारा, त्यात लांबी कमी, म्हणून ताणही कमी. तार खेचून वरचा स्वर गाठायला गेलो की हात त्या स्वराच्या पुढे जाऊन थांबायचा.

पैशाचंही सांगून टाकतो. दोन लाख ऐंशी हजार. पतसंस्थेत दरमहा टाकत गेलेली आवर्ती ठेव सुटली, तिच्यात थोडे घातले. एका आरडीने, म्हणजे आर. डी. बर्मन ऊर्फ पंचमदांनी, मला गिटारीचं वेड लावलं, दुसऱ्या आरडीने गिटार घेऊन दिली. बायको म्हणाली, "अहो, कार्यक्रम कमी झाल्यावर गिटार मोठी घेताय." खरं होतं ते. पूर्वी आमच्या वाद्यवृंदात दहा-बारा वादक असत. मग की-बोर्डने व्हायोलिनवाल्यांना घरी बसवलं, ऑक्टोपॅडने तालवाद्यं गिळली, आणि आता तर गायक पेन ड्राइव्हवर ट्रॅक घेऊन येतो. गिटारवाला टिकला तो अर्धा स्टेजवर शोभतो म्हणून. २०२० पासूनच्या करोनाच्या दीड-दोन वर्षांत मांडव पडलेच नाहीत, तेव्हा मी क्लास सुरू केला. गिटारीचे पैसे पोरांच्या फीमधून जमलेत, स्टेजवरच्या नाइटमधून, म्हणजे कार्यक्रमाच्या मानधनातून, नव्हे. नाइटमधून तारा आणि पेट्रोल सुटे.

जुन्या गिटारीबद्दल वाईट बोलायचं नाही. स्ट्रॅटच्या घाटाची, स्वस्तातली, तीन सिंगल कॉइल पिकअपची. तिने मला उभं राहायला शिकवलं, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली एक तारेची गुंडी. ती तारांची कंपनं पकडते तशी आसपासच्या विजेचीही पकडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे ती घरघर 'जी' या स्वराच्या, म्हणजे पांढरी पाचच्या, किंचित वर लागते. पांढरी पाचमधलं गाणं आलं की किंचित बेसुरा तंबोरा फुकटात मिळायचा. गावच्या मांडवात अर्थिंग नावाला, जनरेटर मागे धडधडतोय, लाइटवाल्याचा डिमर डोक्यावर. अशा वेळी गिटार हातात धरून स्वतःभोवती हळूहळू फिरायचं. एका ठराविक कोनात घरघर जवळपास मरते. तो कोन सापडला की कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हलायचं नाही. कितीतरी वर्षं मी प्रेक्षकांकडे डावा खांदा करून वाजवलं. लोकांना ती माझी स्टाइल वाटायची. एका निवेदकाने तर माइकवरून तिचं कौतुकही केलं होतं.

हंबकरमध्ये अशा दोन गुंड्या शेजारी असतात. दुसरीची वेटोळी उलटी आणि तिचं चुंबकही उलटं. बाहेरची घरघर दोन्हींत शिरते, पण उलटसुलट होऊन एकमेकींना खाते. तारेचा आवाज मात्र दोन्हींतून एकाच दिशेने येतो आणि त्याची बेरीज होते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने हे १९५५ मध्ये सुचवलं. पुस्तकात हे वाचलं होतं, आणि दुसऱ्यांच्या गिटारींवर हंबकर वाजवलेही होते. पण आपल्या गिटारीला ते असणं वेगळं. इचलकरंजीच्या एका मंडळापुढे नवी गिटार पहिल्यांदा स्टेजवर घेतली. मागे एलईडीची भिंत, बाजूला लाइटचे ट्रस. प्लग लावला, व्हॉल्यूम वाढवला आणि काही ऐकूच आलं नाही. मला वाटलं केबल गेली. साउंडवाल्याला हात केला. त्याने तिकडून अंगठा दाखवला, सिग्नल येतोय. तार छेडली तेव्हा आवाज आला. रिकाम्या वेळेत गिटार गप्प बसते हेच मला माहीत नव्हतं.

आणि तरीही कार्यक्रमभर मी खांदा वळवूनच उभा होतो. मध्यंतरात आमच्या ढोलकीवाल्याने विचारलं, "आता कशाला वाकडा उभारतोस?" खरंच, आता कशाला? पण समोर तोंड करून उभं राहिलं की हाताला काही सुचेना. दोन गाण्यांच्या मध्ये करंगळीने व्हॉल्यूम शून्यावर आणायची सवयही तशीच. ती मात्र सोडलेली नाही. निवेदकाच्या शेरोशायरीत गिटारीची तार टिंगकन वाजली तर त्याचा राग कार्यक्रम संपेपर्यंत जात नाही.

त्या रात्री पंचमदांच्या गाण्यांचा भाग मोठा होता. 'दम मारो दम'च्या सुरुवातीचा तुकडा, भूपिंदर सिंग यांनी १९७१ मध्ये वाजवलेला, आम्ही गिटारवाले रक्तात घेऊन फिरतो. आमच्या भाषेत तो 'पीस'. पीस चुकला तर गायक कितीही चांगला असो, पहिल्या रांगेतले काका मान हलवतात. तो पीस मी त्या रात्री वाजवला आणि खेच पुन्हा वर गेली. अगदी थोडी. काकांनी मान हलवली नाही. माझ्या मात्र मानेवर घाम आला.

मिरजेला राहण्याचा फायदा असा की सूर या गोष्टीवर रोज विचार करणारी माणसं पायी जाता येईल इतक्या अंतरावर बसलेली आहेत. सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एक वयस्क कारागीर माझ्या ओळखीचे. गिटारीला ते 'लाकडी रेडिओ' म्हणतात, तरी माझ्या जुन्या गिटारीचा ब्रिज त्यांनीच एकदा सरळ करून दिला होता. नवी गिटार दाखवायला नेली, त्यात मिरवणं होतं हे कबूल. त्यांनी वाजवून बघितली नाही. झाकणावरची मेपलची लाटालाटांची नक्षी, जिच्यावर सगळे भाळतात, तिच्याकडेही पाहिलं नाही. चष्मा वर सारला, गळा डोळ्यांसमोर बंदुकीसारखा धरून एक डोळा मिटला, मग अंगठा फिंगरबोर्डच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. एकेका फ्रेटच्या टोकाशी अंगठा किंचित थांबायचा. परत उलटा फिरवला.

"ह्ये कोणीतरी हातानं केलंय. मशीनचं न्हाई ह्ये काम," ते म्हणाले. मग फिंगरबोर्डवर नख मारून वास घेतल्यासारखं केलं. "आन् शिसव आपल्यातलीच की!"

शिसवीला परदेशात रोझवूडच्या नावाने मोठी मागणी आहे. २०१७ पासून जवळपास तीन वर्षं या लाकडाच्या गिटारींनाही देशाबाहेर पाठवायला परवान्यांची कटकट होती. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्यात रस नव्हता. ते नटकडे बघत होते. नट म्हणजे गळ्याच्या टोकाला असलेली पट्टी, जिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. प्रत्येक खाच तारेच्या जाडीइतकी, मागे उतार दिलेला, तार फक्त पुढच्या कडेला टेकलेली. त्यांनी तार खेचून सोडली, परत खेचून सोडली, आणि सूर जागेवर आला की नाही ते ऐकलं. "जवारी काढल्यागत केलंय," म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस किती फिरवायची आणि कुठे थांबायचं यावरच त्यांचं आयुष्य गेलेलं.

त्या अंगठ्यामुळे मला पैशाचा हिशेब लागला. महागड्या गिटारीचे पैसे आवाजात असतात असं मी समजत होतो. थोडे असतात. बाकीचे फ्रेटच्या टोकांत जातात, नटच्या खाचांत जातात, आणि रात्रभर तारा खेचूनही जागची न हलणाऱ्या खुंट्यांत जातात. यातलं काहीही पाचव्या रांगेत ऐकू येत नाही. आमच्या की-बोर्डवाल्याला मी एकदा पाठ करून बसवलं आणि दोन्ही गिटारी त्याच प्रोसेसरमधून, त्याच पॅचवर वाजवल्या. त्याने जुनीला नवी म्हटलं. मग म्हणाला, "दोन्ही चांगल्याच आहेत की." मांडवातल्या दोन मोठ्या स्पीकरच्या खांबांतून, ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या मधून, कुणाला काय कळणार! हे जो कबूल करत नाही तो गिटारवाला स्वतःला फसवतो, असं माझं मत आहे. फरक फक्त वाजवणाऱ्याला कळतो. रात्री अकरानंतर, तिसऱ्या तासाला, जेव्हा मधे सूर लावायला वेळ नसतो आणि गिटार अजून सुरातच असते, तेव्हा जास्त कळतो.

लोकांना दिसतात ते पक्षी. या गिटारीच्या फिंगरबोर्डवर ठिपक्यांऐवजी शिंपल्याचे उडते पक्षी जडवलेले असतात. स्मिथच्या आईला पक्षिनिरीक्षणाचा नाद होता, तिच्या पुस्तकातून त्याने ते घेतले म्हणतात. ससाणा आहे, घार आहे, आणि शेवटच्या चोविसाव्या फ्रेटवर फांदीवर बसलेलं घुबड. आमच्या गायिकेने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "दादा, एवढे पैसे देऊन घुबड आणलंत?" तिने टिकली चिकटवून ते झाकायचं सुचवलं. निवेदक मदतीला धावला: घुबड लक्ष्मीचं वाहन, म्हणूनच गिटार एवढी महाग. त्या रात्री नाइट वेळेवर मिळाली नाही, तेव्हा गायिकेने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे सगळंच फुगतं, दारं काय आणि गिटारीचे गळे काय. गळ्याच्या आत पोलादी सळई असते, ती पाव वळसा फिरवली की गळ्याचा बाक कमीजास्त होतो. जुन्या गिटारीच्या सळईचं तोंडच झिजून गेलेलं, त्यामुळे तिच्या बाकाशी मी जमवून घ्यायचो. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी जोरात दाबायचं, दिवाळीनंतर जरा कमी. नवीला जुलैत पाव वळसा दिला आणि काम झालं. एवढं सोपं असतं हे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला थोडा राग. हाताला घट्टे पडलेत, डाव्या अंगठ्याच्या सांध्यात कळ येते, डॉक्टर म्हणतात वय झालं. वयाचा वाटा असेलच. पण कितीतरी रात्री मी जो जोर केला तो गाण्यासाठी नव्हता, झिजलेल्या फ्रेटसाठी होता.

दाबायची सवय मोडायला एक जुना व्यायाम उपयोगी पडला. तारेवर बोट नुसतं ठेवायचं, इतकं हलकं की फक्त खट्‌ असा मुका आवाज यावा. मग छेडत छेडत दाब वाढवायचा. ज्या क्षणी स्वर स्वच्छ झाला तिथे थांबायचं. हा व्यायाम मी क्लासमध्ये कधीपासून मुलांना देत होतो. मुलं कंटाळायची, मी दटावायचो. स्वतः केला तेव्हा लक्षात आलं की माझ्या करंगळीला 'थोडं' हे मापच नाही, ती एक तर शून्य नाही तर घण. गाणी लावून केलं की हात पुन्हा जुन्या वाटेला जायचा. म्हणून गाणी बंद ठेवून, टीव्हीचा आवाज बंद करून, क्रिकेट बघत बघत केलं. हळूहळू तिसरी तार खाली उतरली. जोरकस गाणं आलं, लोक नाचायला लागले, की अजूनही चढते. ते मी आता धरून चालतो. तिसरी तार ट्यूनरवर केसभर उतरवूनच स्टेजवर जातो. हा जुगाड जुन्या गिटारीने शिकवलेला.

एका गोष्टीत मात्र मला हवा असलेला सोयीस्कर निकाल लागला नाही. जुनी विकायची असं ठरवलं होतं. नव्या गिटारीत पाच जागांचा स्विच आहे, हंबकरची एक गुंडी बंद करून सिंगल कॉइलसारखा आवाज काढता येतो, त्यामुळे एकीत दोन्ही गिटारी, असा माझा हिशेब. पण हंबकर अर्धा केला की आवाज पातळ होतो आणि दबतोही. प्रेमगीताच्या मागे हलकं पिकिंग करायला तो गोड वाटतो. कोळीगीताला चालत नाही. तिथे वरच्या तीन तारांवर कटकट वाजणारं, ढोलकीच्या चाटीबरोबर कापत जाणारं स्ट्रमिंग लागतं, आणि ते त्या सपाट फ्रेटच्या, उंच तारांच्या गिटारीवर जसं निघतं तसं इथे निघत नाही. तिच्यावर जोर केला तरी ती सोसते, उलट जोर केल्याशिवाय बोलतच नाही. नवीवर तेच केलं की तारा फ्रेटवर आपटतात.

आता कार्यक्रमाला दोन गिटारी जातात. जुनी कोळीगीतांच्या मेडलेपुरती बाहेर येते, सात-आठ मिनिटं वाजते, आणि ती वाजवताना मी आपोआप डावा खांदा पुढे करतो. की-बोर्डवाल्याची तक्रार आहे की दुसऱ्या स्टँडमुळे त्याला पेडलवर पाय ठेवायला जागा उरत नाही. टेम्पोवाला एका जास्तीच्या डागाचे पन्नास रुपये मागतो. पुढच्या महिन्यात रत्नागिरीकडे जत्रेचा कार्यक्रम लागलाय. खाऱ्या हवेत तारांना दोन दिवसांत गंज चढतो, म्हणून नवीला घरी ठेवावं असं एक मन म्हणतं. पण तिथल्या मंडळाने पंचमदांची पंधरा गाणी आणि शेवटी कोळीगीतं मागितली आहेत, तेव्हा बहुतेक दोघींना न्यावं लागणार आणि तारांचे जादा पुडे घ्यावे लागणार.